सैनिकाचे शरीर आणि शास्त्रज्ञांची कंत्राटे

हरसूल हे नाशिक जिल्ह्याच्या त्र्यंबकेश्वर तालुक्यातील बाजाराचे गाव. भोवती सह्याद्रीचे डोंगर, भात-नागली-वरईची शेते आणि पावसाळ्यात कोसळणारा धो धो पाऊस. या भागातील पाड्यांवरची मुले-मुली चालण्यात आणि धावण्यात सहसा कोणाला हार जात नाहीत. हरसूलजवळच्या सावरपाड्याच्या कविता राऊत हिने २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटर धावण्याच्या शर्यतीत कांस्यपदक मिळवले आणि त्याच वर्षी चीनमधील ग्वांगझू येथील आशियाई स्पर्धेत रौप्यपदक पटकावले. 'सावरपाडा एक्सप्रेस' हे तिचे टोपणनाव तेव्हापासून महाराष्ट्रभर झाले. आज या भागात पहाटे रस्त्यावर जी मुले धावताना दिसतात, त्यांतील पुष्कळांचे लक्ष मात्र पदकावर नसते. ती सैन्याच्या किंवा पोलिसांच्या भरतीसाठी धावत असतात.

या मुलांचा एका विषयाशी फार जवळचा संबंध आहे. तो विषय वरवर पाहता त्यांच्यापासून दूरचा वाटतो, आणि म्हणूनच त्याविषयी येथे लिहावयाचे आहे. जगातील अनेक देशांची सरकारे शास्त्रज्ञांना पैसे देऊन सांगतात, 'आमचा सैनिक अधिक वेगाने चालला पाहिजे, अधिक ओझे वाहू शकला पाहिजे, कमी झोपेत आणि कमी अन्नात टिकला पाहिजे. त्यासाठी काही शोधून काढा.' शास्त्रज्ञही अशी कामे मिळावीत म्हणून अर्ज करतात. अशी कामे शास्त्रज्ञांनी मागावीत काय? मागावयाची तर कोणती, आणि कोणत्या अटींवर? हा प्रश्न केवळ दिल्ली-मुंबईच्या शास्त्रज्ञांचा नाही. ज्याच्या शरीरावर हे शोध वापरले जाणार, तो सैनिक बहुधा हरसूलसारख्याच एखाद्या गावातून आलेला असतो.

कंत्राट म्हणजे काय?

आपल्या देशात संरक्षण संशोधन व विकास संघटना १९५८ साली स्थापन झाली. तिच्या प्रयोगशाळा म्हटल्या की आपल्याला क्षेपणास्त्रे आठवतात. परंतु सैनिकाचे शरीर हाच ज्यांच्या अभ्यासाचा विषय आहे, अशाही प्रयोगशाळा तिच्याकडे आहेत. दिल्लीची शरीरक्रियाशास्त्राची संस्था १९६२ पासून उंची, थंडी, उष्णता आणि थकवा यांचा शरीरावर होणारा परिणाम तपासत आली आहे. म्हैसूरची अन्न संशोधन प्रयोगशाळा १९६१ पासून सैनिकाच्या शिध्यावर काम करते. बंगळूरच्या प्रयोगशाळेत सैनिकाने अंगावर चढवावयाच्या निरनिराळ्या साधनांचे काम चालते.

याखेरीज विद्यापीठांतील प्राध्यापकांनाही संशोधनासाठी अनुदान दिले जाते. २०१८ साली केंद्र सरकारने 'आयडेक्स' नावाची योजना सुरू केली. तीत सैन्याने आपल्या अडचणी जाहीर करावयाच्या आणि लहान नव्या उद्योगांनी त्यांवर उपाय सुचवावयाचे, अशी पद्धत आहे. निवड झालेल्या उद्योगाला आर्थिक मदत मिळू शकते. अमेरिकेत हेच काम 'डार्पा' नावाची संस्था फार मोठ्या प्रमाणावर करते. तिची स्थापनाही १९५८ सालचीच आहे.

पद्धत सर्वत्र साधारण सारखी असते. शास्त्रज्ञ एक प्रस्ताव लिहितो. आपण काय करणार, किती दिवसांत करणार आणि किती पैसे लागतील हे त्यात मांडतो. तज्ज्ञांची समिती तो तपासते. मंजूर झाल्यास पैसे हप्त्याहप्त्याने मिळतात आणि शास्त्रज्ञाला वेळोवेळी अहवाल द्यावा लागतो.

शास्त्रज्ञांना या कामांचे आकर्षण का वाटते हे समजणे अवघड नाही. प्रयोगशाळेची उपकरणे महाग असतात आणि हाताखालच्या तरुण संशोधकांना विद्यावेतन द्यावे लागते. शिवाय सैन्याचे प्रश्न खरेखुरे असतात. माणूस १८ हजार फुटांवर कसा जगेल, हा प्रश्न कोणी पुस्तकात बसून रचलेला नाही. तेव्हा सैन्याचा पैसा घेतला एवढ्यावरून एखाद्या शास्त्रज्ञाला दोष देणे योग्य होणार नाही. पाहावयाचे ते हे की, त्या पैशातून नेमके काय करावयाचे ठरले आहे.

माझ्या मते या कामांचे दोन प्रकार पडतात. शरीराच्या मर्यादा नीट ओळखून त्यांप्रमाणे काम, अन्न आणि विश्रांती यांची आखणी करणे हा पहिला. शरीराला त्याच्या मर्यादांचा विसर पाडणे हा दुसरा. दोन्हींना 'कार्यक्षमता वाढवणे' असेच म्हणतात, त्यामुळे गोंधळ होतो. उदाहरणे पाहिली म्हणजे फरक स्पष्ट होईल.

हिमालयाने शिकवलेला धडा

१९६२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये चीनबरोबर युद्ध झाले. मैदानी प्रदेशातील आपल्या सैनिकांना घाईघाईने हिमालयाच्या उंचीवर न्यावे लागले. त्यानंतरही हजारो सैनिक त्या उंचीवर राहू लागले. धडधाकट तरुण तेथे पोहोचल्यावर डोकेदुखी, मळमळ आणि निद्रानाश यांनी हैराण होत. काहींच्या फुप्फुसांत पाणी साठे आणि वेळीच खाली आणले नाही तर ते दगावत.

याचे कारण हवेत आहे. समुद्रसपाटीच्या मानाने सुमारे साडेपाच हजार मीटर उंचीवर हवेचा दाब जवळजवळ निम्मा होतो. हवेतील प्राणवायूचे शेकडा प्रमाण तेवढेच राहते, पण दाब कमी असल्यामुळे प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायू निम्म्यावर येतो. शरीर त्यावर उपाय करते. श्वासाची गती वाढते, मूत्रपिंडे रक्तातील बायकार्बोनेट बाहेर टाकून त्या वाढलेल्या श्वासाला वाट करून देतात, आणि पुढील काही आठवड्यांत तांबड्या रक्तपेशींची संख्या वाढते. परंतु या सर्वाला वेळ लागतो, आणि हुकूम सुटला म्हणून मूत्रपिंडे अधिक जलद काम करीत नाहीत.

भारतीय सैन्यातील डॉक्टर इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विकाराचा चिकाटीने अभ्यास केला. १९६९ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यात १९२५ सैनिकांची माहिती होती. एवढ्या मोठ्या संख्येवर आधारलेला अभ्यास तोपर्यंत दुर्मीळच होता, आणि उंचीवरील आजारांविषयी लिहिणारे जगभरचे डॉक्टर आजही त्याचा उल्लेख करतात.

अशा अभ्यासातून आपल्या सैन्याची टप्प्याटप्प्याने वर जाण्याची पद्धत रूढ झाली. सुमारे ९ हजार ते १२ हजार फुटांवर पहिले सहा दिवस, त्यांतही आरंभी विश्रांती आणि मग हळूहळू चालणे. त्यानंतर १५ हजार फुटांपर्यंतच्या टप्प्यात चार दिवस. आणि त्याहून वर पुन्हा चार दिवस. ही पद्धत म्हणजे शरीरापुढे नमते घेणे नव्हे. हिच्यामुळेच सैनिक त्या उंचीवर जिवंत राहून काम करू शकतो. शिवाय तिचा लाभ सैन्यापुरता राहिला नाही. गिर्यारोहक, हिमालयातील यात्रेकरू आणि रस्ते बांधणारे मजूर यांनाही तेच ज्ञान उपयोगी पडते. पहिल्या प्रकारचे संशोधन म्हणतो ते असे.

झोप उडवणारी गोळी

आता दुसऱ्या प्रकाराचे उदाहरण घेऊ. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्याला 'पर्व्हिटिन' नावाच्या गोळ्या पुरवल्या गेल्या. त्यांत मेथअँफेटामिन हे तीव्र उत्तेजक द्रव्य होते. १९४० च्या एप्रिल ते जुलै या चार महिन्यांत जर्मन सेनादलांकडे अशा साडेतीन कोटींहून अधिक गोळ्या रवाना झाल्या. ब्रिटिश आणि अमेरिकन सैनिकांनाही त्याच जातीचे दुसरे औषध दिले जात होते. गोळी घेतलेला सैनिक दोन-दोन रात्री जागा राही, त्याला भूक लागत नसे आणि तो आत्मविश्वासाने भारलेला असे. पुढे काय होई? औषधाचा अंमल उतरला की तो दिवसेंदिवस कामातून जाई. काहींना भास होऊ लागत, आणि कित्येकांना त्या गोळ्यांचे व्यसन जडले. अखेर १९४१ मध्ये जर्मन सरकारला स्वतःच हे औषध अफूविषयक कायद्याखाली आणावे लागले.

यामागील विज्ञान समजून घेण्यासारखे आहे. आपण जागे असतो तेव्हा मेंदूत अ‍ॅडिनोसिन नावाचे द्रव्य हळूहळू साठत जाते आणि आपल्याला झोप येऊ लागते. चहा-कॉफीतील कॅफिन त्या द्रव्याची जागा काही काळ अडवून धरते. अँफेटामिनच्या जातीची औषधे याहून पुढे जाऊन मेंदूतील उत्तेजक द्रव्यांचा पूर आणतात. पण झोपेची गरज दोन्हींमुळे संपत नाही. मोटारीतील पेट्रोल दाखवणाऱ्या काट्याला खिळा ठोकून ठेवला तर काटा खाली येणार नाही. म्हणून टाकी भरलेली राहते असे नव्हे.

झोपेविना निर्णयशक्तीचे काय होते, हे मोजून पाहिलेले आहे. सतत १७ ते १९ तास जागे राहिलेल्या माणसाचे काही चाचण्यांतील काम, रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतके किंवा त्याहूनही खराब होते असे २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. आपल्या देशात मोटार चालवणाऱ्याला कायद्याने याहून कमी, म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम एवढीच मर्यादा आहे. ज्याला गाडी चालवू देता येणार नाही, त्याच्या हातात भरलेली बंदूक राहते हे लक्षात घेतले म्हणजे या प्रश्नाचे गांभीर्य कळते.

औषधाच्या आणि पेयाच्या जाहिरातींविषयी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. 'डार्पा'च्या पैशातून ऑक्सफर्डमधील आणि अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी शरीराला साखरेऐवजी वापरता येईल असे 'कीटोन' जातीचे पेय तयार केले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ते घेतलेले सायकलपटू अर्ध्या तासाच्या चाचणीत सुमारे २ टक्के अधिक अंतर गेले. २०१७ साली दुसऱ्या शास्त्रज्ञांनी त्याच जातीचे, पण थोडे निराळे पेय व्यावसायिक सायकलपटूंना दिले. त्यांची कामगिरी सुमारे २ टक्क्यांनी घसरली आणि पोटेही बिघडली. दोन्ही प्रयोग उघडपणे छापले गेले म्हणूनच आपल्याला दोन्ही बाजू कळल्या. पहिलाच अहवाल कपाटात बंद राहिला असता, तर त्या बळावर हजारो सैनिकांना काय काय पाजले गेले असते कोण जाणे!

विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशी

हरसूलच्या वाचकांना आणखी जवळचे वाटेल असे उदाहरण सिकलसेलचे आहे. नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंत महाराष्ट्राच्या आदिवासी पट्ट्यात हा आनुवंशिक दोष आढळतो. नाशिक जिल्ह्याचा आदिवासी भागही त्याला अपवाद नाही. आपल्या रक्तातील हीमोग्लोबिन हे प्रथिन अमिनो आम्लांच्या साखळ्यांचे बनलेले असते. त्यांतील एका साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आले, की प्राणवायू कमी पडताच गोल तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी होते. आई आणि वडील या दोघांकडूनही हा दोष आला तर मुलाला आजार होतो. एकाकडूनच आला तर ते मूल 'वाहक' असते. वाहक सामान्यतः निरोगी आयुष्य जगतो, शेतात राबतो आणि शर्यतही धावतो.

मग सैन्यात त्याचे काय होते? अमेरिकेच्या वायुसेना अकादमीत १९८१ पर्यंत सिकलसेलच्या वाहकांना प्रवेशच नाकारला जात असे. पुढे १९८७ साली अमेरिकी सैन्यातील १९७७ ते १९८१ या काळातील नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सुमारे २० लाख नव्या सैनिकांच्या त्या नोंदी होत्या. प्रशिक्षणात कारण न सापडता अचानक मृत्यू येण्याचे प्रमाण, कृष्णवर्णीय सैनिकांपैकी जे वाहक नव्हते त्यांच्या मानाने वाहकांत सुमारे २८ पट आढळले. हा आकडा ऐकून घाबरून जाण्यापूर्वी दुसरा आकडा पाहा. वाहकांत हे प्रमाण एक लाखात सुमारे ३२ होते. म्हणजे जवळजवळ सर्व वाहक सुखरूपच होते. मात्र धोका खरा होता. 'किती पट' हे सांगताना 'किती पैकी' हेही सांगावे लागते, हे गणिताच्या तासाला ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

यानंतर वाहकांना सैन्यातून वगळणे हा एक मार्ग होता. परंतु दुसरा मार्ग अधिक शहाणपणाचा ठरला. उन्हात एकदम जोराचे श्रम, अंगातील पाणी कमी होणे आणि विश्रांतीचा अभाव, यांमुळे धोका वाढतो हे लक्षात आल्यावर सर्वच सैनिकांसाठी नियम ठरले. पाणी पुरेसे प्यावयाचे, उष्णता जास्त असेल तेव्हा कामाच्या मधे विश्रांती घ्यावयाची, श्रम हळूहळू वाढवावयाचे आणि कोणी कोसळला तर त्याचे अंग ताबडतोब थंड करावयाचे. २०१६ साली ४७ हजार ९४४ अमेरिकी सैनिकांच्या नोंदींवर आधारलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात वाहकांचा मृत्यूचा धोका इतरांहून लक्षणीय जास्त आढळला नाही. श्रमाने स्नायुपेशी फुटण्याचा विकार मात्र त्यांच्यात ५४ टक्के अधिक होता, म्हणजे काळजी घेण्याचे कारण संपलेले नाही.

या सर्व प्रकरणात कोणी नवी गोळी शोधली नाही की यंत्र बनवले नाही. पाणी, सावली, विश्रांती आणि चोख नोंदी, एवढ्यावर माणसे वाचली. आणि ते ज्ञान खुले असल्यामुळे, सैन्याने जमवलेल्या नोंदींचा लाभ हरसूलच्या रस्त्यावर धावणाऱ्या मुलाला आज घेता येतो.

'हो' म्हणण्याचे स्वातंत्र्य

सैनिकांवरील प्रयोगांचा इतिहास सगळाच असा उजळ नाही. इंग्रजी राजवटीत ब्रिटिश शास्त्रज्ञांनी रावळपिंडी येथे शेकडो भारतीय सैनिकांवर मस्टर्ड वायूचे प्रयोग केले. १९३० च्या दशकात सुरू झालेले हे प्रयोग दहा वर्षांहून अधिक काळ चालले. या वायूने भारतीयांच्या कातडीला ब्रिटिशांच्या कातडीपेक्षा जास्त इजा होते काय, हे त्यांना पाहावयाचे होते. कित्येकांना भाजून दवाखान्यात पडावे लागले. ही माहिती वृत्तपत्रांतून जगापुढे आली ती २००७ साली.

नाझी डॉक्टरांवरील खटल्यानंतर १९४७ साली न्यूरेंबर्गची संहिता तयार झाली. जिच्यावर प्रयोग करावयाचा त्या व्यक्तीने स्वखुशीने आणि समजून-उमजून संमती दिली पाहिजे, हे तिचे पहिले कलम आहे. पण सैनिकाची संमती ही खरोखर स्वखुशीची असते काय? ज्याचे आयुष्य हुकूम पाळण्यावर चालते, त्याला वरिष्ठाने 'कोण तयार आहे?' असे विचारले तर तो 'मी नाही' असे सहजासहजी म्हणेल काय?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांत या अडचणीची दखल घेतली आहे. वरिष्ठांच्या दडपणामुळे ज्यांना मोकळेपणाने नकार देता येत नाही, अशांची विशेष काळजी घ्यावी असे तेथे सांगितले आहे. त्यांत संरक्षण दलांतील लोक आहेत, तसेच विद्यार्थीही आहेत. शिक्षकांनी पुढे केलेल्या कागदावर वर्गातील मुले न वाचता सही करतात, तसेच सैनिकाचे होऊ शकते. त्याच तत्त्वांनुसार प्रत्येक प्रस्ताव नैतिक समितीपुढे जावा लागतो आणि त्या समितीत शास्त्रज्ञ नसलेला एक सामान्य नागरिकही असावा लागतो.

दोन आक्षेप

माझ्या म्हणण्यावर दोन आक्षेप घेतले जातील, आणि दोन्ही विचार करण्याजोगे आहेत.

पहिला आक्षेप असा : 'शत्रूचा सैनिक गोळी घेऊन दोन रात्री जागणार असेल, तर आपल्या सैनिकाला झोपू देणे परवडेल काय?' क्वचित् असा प्रसंग येतोही. शत्रूच्या वेढ्यातून सुटताना एक रात्र जागणे हा जिवाचा प्रश्न असू शकतो, आणि अशा वेळी डॉक्टरच्या देखरेखीखाली औषध देणे मी चूक म्हणणार नाही. परंतु आणीबाणीचा उपाय हा रोजच्या व्यवस्थेचा पाया होता कामा नये. गोळी हाताशी आहे म्हटल्यावर अधिकारी चार जणांचे काम दोघांवर टाकू लागतात. पहारेकऱ्यांची पाळी बदलण्यापेक्षा गोळी स्वस्त पडते, आणि खरा धोका तेथेच आहे.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा आहे : 'सैन्याच्या पैशाला शास्त्रज्ञाने हातच लावू नये, विज्ञान शांततेसाठी आहे.' या भूमिकेबद्दल मला आदर आहे. तरीही सज्जन शास्त्रज्ञांनी पाठ फिरवली म्हणून सैनिकाला १८ हजार फुटांवर जाणे चुकत नाही. त्याचा बूट, त्याचा शिधा आणि त्याची झोप यांचा विचार कोणीतरी केलाच पाहिजे. तो विचार करणारे लोक कर्तव्यदक्ष आणि बोलके असावेत, यातच सैनिकाचे हित आहे.

म्हणून माझे मत असे आहे. आपल्या विद्यापीठांनी आणि नव्या उद्योगांनी सैन्याची संशोधनकामे अवश्य मागावीत. पण तीन अटींवर. एक, शरीरावर होणाऱ्या परिणामांचे निष्कर्ष, बरे असोत वा वाईट, प्रसिद्ध करण्याची मुभा करारातच लिहून घ्यावी. शस्त्राची रचना गुप्त ठेवण्याला अर्थ आहे. कोणत्या औषधाने हृदयाचे ठोके बिघडतात हे गुप्त ठेवण्याला नाही. दोन, प्रयोगासाठी संमती घेणारा माणूस त्या सैनिकाचा वरिष्ठ नसावा, आणि नकार दिल्याची नोंद त्याच्या सेवापुस्तकात कोठेही होऊ नये. तीन, थकवा, भूक, वेदना आणि भीती या शरीराच्या सूचना पुसून टाकणे हाच ज्याचा हेतू आहे, असे काम कितीही पैसे मिळाले तरी घेऊ नये.

ओझे वाहण्यास मदत करणारा यांत्रिक सांगाडा अंगावर चढवणे या कसोटीला उतरू शकेल, कारण त्यामुळे गुडघ्यांवरचा भार खरोखरच हलका होतो. असे साधन स्वस्त झाले, तर पोती उचलणाऱ्या हमालालाही त्याचा उपयोग होईल. मात्र सांगाडा मिळाला म्हणून सैनिकाच्या पाठीवर दुप्पट ओझे ठेवले, तर मिळालेली सवलत तेथेच संपली असे समजावे.

तुमचे काम

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी जे भरतीसाठी धावत आहेत त्यांना दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत. पहिली, सिकलसेलची चाचणी करून घ्या. देशभर सिकलसेल निर्मूलनाची मोहीम १ जुलै २०२३ रोजी सुरू झाली आहे; आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करा. रक्ताच्या एका थेंबावर पहिली तपासणी होते. वाहक निघालात तर धावणे सोडण्याचे कारण नाही. पाणी प्या, श्रम हळूहळू वाढवा आणि अंग दुखून पाय जड झाले तर थांबा. दुसरी, भरतीच्या दिवशी दम टिकावा म्हणून इंजेक्शने आणि गोळ्या घेतल्याच्या बातम्या आपण वर्तमानपत्रांत वाचतो. त्या वाटेला जाऊ नका. ज्या औषधामुळे थकवा कळत नाही, त्याच्यामुळे हृदयाचा धोकाही कळत नाही.

शिक्षकांना अशी विनंती आहे की, हा विषय वर्गात चर्चेला घ्यावा. एका गटाने शास्त्रज्ञ व्हावे आणि प्रस्ताव लिहावा, दुसऱ्याने सैनिक व्हावे आणि संमती द्यावी की नाही ते ठरवावे, तिसऱ्याने नैतिक समिती होऊन दोघांना प्रश्न विचारावेत. त्या तासाला कोणते प्रश्न निघतील हे पाहण्यासारखे असेल.

आणि जे पुढे शास्त्रज्ञ होऊ इच्छितात त्यांना एवढेच सांगावयाचे आहे. आजवर सैनिकाच्या शरीराविषयीचे प्रस्ताव बहुतेक शहरातील प्रयोगशाळांत लिहिले गेले, आणि चाचणीसाठी धावणारी माणसे खेड्यापाड्यांतून आली. हंडा डोक्यावर घेऊन डोंगर चढणाऱ्या बाईला कोठे थांबावे लागते आणि चिखलातून शाळेत येणाऱ्या मुलाचा पाय केव्हा भरून येतो, हे तुम्हांला ठाऊक आहे. ते ज्ञान घेऊन शरीरक्रियाशास्त्राच्या प्रयोगशाळेत जा. प्रस्ताव लिहिणाऱ्यांत आणि तो तपासणाऱ्या समितीत हरसूलची माणसे बसू लागली, म्हणजे कोणते काम घ्यावे आणि कोणते नाकारावे हे ठरवणे पुष्कळ सोपे होईल.